गुळाची लाल शाई
गुऱ्हाळावर उकळत्या रसाचा वास आला की मला अजून आमचा बुककीपिंगचा वर्ग आठवतो. लढाईचे दिवस होते, नगरच्या बाजारात लाल शाई मिळेना, आणि ताळेबंदाखालच्या दोन रेघा लाल नसतील तर मास्तर कागदाला हात लावत नसत. वर्गातल्या चाचणीत पास झालो तरच पुण्याच्या परीक्षेला अर्ज जाणार होता. मी अक्कल चालवली. पाण्यात कुंकू कालवलं आणि वर चकाकी यावी म्हणून देवळालीचा गूळ घातला. रेघा अशा झळकल्या की मी शेजारच्याला म्हणालो, "बघून घे, याला म्हणतात ताळेबंद." दुसऱ्या दिवशी मास्तरांनी गठ्ठा सोडला, माझा कागद उचलला आणि बघतच राहिले. दोन्ही रेघांवर मुंग्यांची रांग लागली होती. "माझ्या आधी ऑडिटर येऊन बसले की रे," ते म्हणाले. मागून एक खेडवळ आवाज आला, "मास्तर, त्येंनी लई बारीक तपासलंय. करा पास." मास्तरांनी कागद खिडकीबाहेर झटकला, बेरजा पाहिल्या आणि हसू दाबत म्हणाले, "जुळतंय. अर्ज भर. पण पुण्याला माझी लाल शाईची दौत घेऊन जा." पुढे मीही ऑडिटर झालो, पण त्या मुंग्यांसारखं कुणाच्या ताळेबंदावर तुटून पडणं काही मला जमलं नाही.