बाईंच्या खिडकीची ग्रिल

सरळ गज लावून देणारे वेल्डर गावात चार होते. वाकडे गज लावणारा एकच, आणि त्याला सगळे नुसतं मिस्त्री म्हणायचे. बाकी चौघांच्या दुकानांवर पाट्या होत्या, पाट्यांवर फोन नंबर होते. ह्याच्या दुकानावर पाटीच नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायचा, पाटी कशाला, गावभर खिडक्या आहेत की. आता ह्याला गर्व म्हणा नाहीतर आळस म्हणा. त्याची बायको आळस म्हणायची.

त्याची कामाची तऱ्हाच निराळी. ग्रिल हवी म्हणून बोलावणं आलं की इतर वेल्डर टेप घेऊन जातात, लांबी-रुंदी लिहून घेतात आणि चौथ्या दिवशी ग्रिल आणून ठोकतात. हा टेप खिशातच ठेवायचा आणि खिडकीशी एक खुर्ची मागायचा. तासभर बसायचा. चहा आला तर प्यायचा, नाही आला तरी हलायचा नाही. मग खडू काढून त्याच खोलीच्या फरशीवर ओणवा व्हायचा आणि खिडकीतून जे दिसतं त्याच्या रेघा मारायला लागायचा. शिंप्याच्या खिडकीतून विजेची तार दोन खांबांमध्ये पोटात सैल पडलेली दिसायची, ती तशीच्या तशी त्याच्या ग्रिलमध्ये आली. कंपाउंडरच्या खिडकीतून समोरच्या घराचा गोल जिना दिसायचा, तो आला. एका घरात तर बघायला काहीच नव्हतं, शेजारचा गळका पाइप आणि त्याच्या सांध्यातून उगवलेलं एक रोपटं, बस्स. घरची मालकीण म्हणाली, मिस्त्री, हे काय बघण्यासारखं आहे, तुम्ही आपली कॅटलॉगमधली फुलं काढा. मिस्त्रीनं रोपटं काढलं. पाइपासकट. ती मालकीण आता पाहुणा आला की आधी खिडकी दाखवते आणि मग पाणी विचारते.

मध्ये एकदा मेव्हण्यानं त्याला मोठ्या शहरात नेलं होतं. तिथं म्हणे कामाला तोटा नव्हता. मिस्त्री पंधरा दिवसांत परत. बायकोनं कपाळाला हात लावला. तो म्हणाला, अगं, तिथं एका खिडकीतून दुसरी खिडकी दिसते आणि त्या दुसरीतून ही पहिली, मी काढू काय? आपल्याकडे नजर टाकली की लांब जाऊन पडते. बायको मेव्हण्यावर चिडली, कारण तो तिचाच भाऊ होता आणि त्याच्यावर चिडणं सोपं होतं.

तर अशा ह्या माणसाला भूगोलाच्या बाईंचा निरोप आला. डोंगर झाकायच्या आत ये.

भूगोलाच्या बाई म्हणजे अर्ध्या गावाच्या बाई. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला, आणि शिकवायची रीत अशी की पहिले सहा महिने पुस्तक उघडायचंच नाही. आधी आपलं गाव काढा, मग जग. नदी कुठून येते, कुठं वळते, तुमच्या घरातून सूर्य कशाच्या मागून वर येतो. चुकलं की पट्टी. त्यांच्या तोंडात 'तुम्ही' हा शब्दच नव्हता. नगराध्यक्षही 'तू' आणि झाडूवालाही 'तू'. मिस्त्री त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आणि पन्नाशी उलटली तरी त्यांच्या जिन्याची पायरी चढताना शर्टाचं वरचं बटण लावायचा.

दोन वर्षांपूर्वी बाई पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून पहिल्या मजल्यावरची ती खोली, खिडकीला लावून ठेवलेला पलंग आणि सोबतीला भाची, एवढंच. पण खिडकी अशी होती की बाईंची तक्रार नव्हती. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे मोकळा प्लॉट, आणि प्लॉटच्या पलीकडे सगळं गाव उतरत गेलेलं. आधी छपरं, मग पाण्याची टाकी, मग शाळेचं पटांगण, मग नदीचं वळण, आणि सगळ्यांच्या वर डोंगर. डोंगराच्या डाव्या अंगाला दगडाची खाण होती, म्हणजे कुणीतरी भाकरीचा घास तोडावा तसा एक लचका. उजव्या अंगानं एक पायवाट वर चढायची.

तो प्लॉट विकला गेला होता. खांब उभे राहिले होते आणि भिंत चढायला लागली होती.

बाईंनी मिस्त्रीला खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, "नीट ऐक. मी आता ह्या पलंगावरून उठत नाही. ती भिंत वर येणार, ते मला काही थांबवता येत नाही. पण मला माझं गाव इथून दिसलं पाहिजे. ते तू करायचंस."

तीस वर्षांत लोकांनी त्याच्याकडे चोर येऊ नये म्हणून ग्रिल मागितली होती, मांजर येऊ नये म्हणून मागितली होती. गाव जाऊ नये म्हणून कुणी मागितली नव्हती. तो म्हणाला, करतो बाई.

चार सकाळी तो तिथं बसला. ती नुसती बैठक नव्हती, परीक्षा होती. तो फरशीवर रेघ ओढायचा आणि पलंगावरून आवाज यायचा, टाकी नदीच्या अलीकडे आहे, पुसून काढ. पायवाट एवढी सरळ असती तर सगळे धापा टाकत वर गेले असते, वळण दे. मिस्त्री निमूटपणे पुसायचा. समोर गवंडी विटांचे थर चढवत होते. पहिल्या दिवशी छपरं गेली, तिसऱ्या दिवशी टाकीचे पाय गेले. मिस्त्री एकदा खिडकीबाहेर बघायचा आणि एकदा फरशीकडे, आणि त्याचा खडूचा हात जरा घाई करायचा.

त्याच आठवड्यात बिल्डरनं त्याला रस्त्यात गाठलं. हा तरुण माणूस, बाहेरून आलेला, बोलायला गोड. म्हणाला, मिस्त्री, समोरच्या बाईंची ग्रिल तुम्ही करताय म्हणे, मला साइटवरून समोरच दिसेल, पसंत पडली तर सगळ्या बिल्डिंगच्या खिडक्या तुमच्या. सगळ्या बिल्डिंगच्या! मिस्त्रीनं घरी येऊन सांगितलं तेव्हा बायकोनं न मागता दुसरा कप चहा आणून ठेवला. असं त्या घरात सहसा होत नसे.

मग मिस्त्रीनं जीव ओतून काम केलं. डोंगराला जाड चौकोनी सळई भट्टीत तापवून वळवली. नदीला पट्टी, पायवाटेला बारीक गोल सळई. दुकानाच्या जमिनीवर खडूनं सगळं पुन्हा काढलं, त्यावर एकेक तुकडा मांडला आणि जोडत गेला. पुढून सगळे जोड ग्राइंडरनं घासून असे काही साफ केले की बोट फिरवलं तर सांधा कुठं आहे ते कळू नये. मागच्या बाजूचे जोड मात्र जाडच राहू दिले, गाठीच्या गाठी. तशीच पद्धत असते. दोन्हीकडून घासलं की जोडात जीव राहत नाही, आणि मिस्त्रीच्या ग्रिलचा जोड आजपर्यंत कधी सुटला नव्हता.

ग्रिल बसवली त्या दिवशी रस्त्यावर हीऽ गर्दी. शिंपी मशीन सोडून आला. मिस्त्री नेहमीप्रमाणे खाली उतरला, रस्त्याच्या मध्यावर उभा राहिला आणि मान मागे टाकून बघितलं. डोंगर, खाण, वळण, टाकी, सगळं जिथल्या तिथं. समोरच्या बांधकामावरून बिल्डरनं अंगठा दाखवला. मिस्त्रीची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं. शाबासकी घ्यायला तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

बाई ग्रिलकडे बघत होत्या. भाची भिंतीकडे बघत होती. बाईंनी विचारलं, "खाण कुठल्या अंगाला आहे?"

मिस्त्री म्हणाला, डाव्या.

"मग बघ."

मिस्त्रीनं बघितलं. खाण उजवीकडे होती. पायवाट डावीकडे. नदी भलत्याच दिशेला चालली होती. बाहेर विटांच्या वर डोंगराचा शेंडा तेवढा अजून उरला होता, आणि तो एकीकडे कलत होता तर ग्रिलमधला दुसरीकडे. घासलेली बाजू रस्त्याकडे लावायची, गाठींची बाजू घरात, हे इतक्या वर्षांच्या सवयीनं हातांनी आपोआप केलं होतं. आणि घासलेली बाजू बाहेर गेली की चित्र आतून उलटंच दिसणार. म्हणजे शिंप्याची तार उलटी. कंपाउंडरचा जिना उलटा. तीस वर्षं त्यानं गावाला गाव उलटं दाखवलं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण खरं गाव ग्रिलच्या पलीकडे दिसतच होतं. त्याच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण बसवून झाल्यावर तो कधी घरात जाऊन बसलाच नव्हता. आपलं काम त्यानं जन्मभर रस्त्यावर उभं राहून बघितलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. म्हणाल्या, फिरवून लाव. मिस्त्रीनं चाचरत सांगितलं की फिरवली तर गाठी रस्त्याकडे येतील, चारचौघांत दिसतील, समोर बिल्डर आहे, त्याच्या सगळ्या खिडक्यांचा प्रश्न आहे. काहीच लपवलं नाही. बाईंसमोर लपवायची सवय नव्हती.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "रस्त्यावरचा माणूस किती वेळ बघतो रे? आणि मी किती वेळ बघणार आहे?"

घरी बायकोनं डोकं लावलं. दोन्हीकडून घासा, झालं. मिस्त्री म्हणाला, जोड सुटेल. ती म्हणाली, सुटला तर सुटला, दहा वर्षांनी सुटेल, तोवर बाई थोड्याच असणार आहेत. बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. खरं सांगायचं तर मिस्त्रीला ते काम हवं होतं. सगळी बिल्डिंग, वर्षभर डोक्याला शांतता. पण डोळे मिटले की नदी उलटी वाहायला लागायची.

सकाळी शिडी लावून त्यानं ग्रिल काढली आणि फिरवून बसवली. गाठींची बाजू रस्त्याकडे. पुन्हा गर्दी जमली. बिल्डर खाली आला, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, हे काय मिस्त्री, ग्रिलला फोड आलेत का?

मिस्त्रीनं शिडीवरूनच उत्तर दिलं, "ही मागची बाजू आहे साहेब. सुलट बाजू आत आहे. बघायची असेल तर वर जा."

बिल्डर गेला नाही. दोन दिवसांनी कळलं की बिल्डिंगच्या खिडक्या पाटीवाल्या वेल्डरला गेल्या, सगळे गज सरळ. बायको मिस्त्रीशी बोलली नाही, जे काय बोलायचं ते भांड्यांशी बोलली. मिस्त्रीला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण रस्त्यावरून जाणारा जो कुणी त्या गाठींकडे बघून तोंड वाकडं करायचा, त्याला तो ताठ मानेनं तेच सांगायचा, सुलट आत आहे, वर जाऊन बघा.

आणि लोक वर जायला लागले हो. आधी शिंपी गेला, तो तासभर खाली आलाच नाही. मग कंपाउंडर, मग कुणाची सून, मग शाळा सोडून वीस वर्षं झालेली मोठीमोठी माणसं. जिन्यात चपलांची रांग लागायची. ज्या खोलीत भाचीशिवाय माणूस फिरकत नव्हता तिथं खुर्ची कमी पडायला लागली. शिंप्यानं परत येऊन मिस्त्रीला विचारलं, म्हणजे माझी तार पण उलटी का रे? मिस्त्री म्हणाला, होय. तुझी, कंपाउंडरची, सगळ्यांची. एकेक करून फिरवून देतो, चूक माझी आहे. हे तो भर चौकात म्हणाला, आणि म्हणताना त्याची मान खाली गेली नाही. बायको शेजारीच उभी होती. त्या दिवशी ती भांड्यांशी बोलायची थांबली.

भिंत पूर्ण झाली. गिलावा झाला, पांढरा रंग लागला आणि डोंगर शेंड्यासकट गेला. त्या दिवशी मिस्त्री मुद्दाम बाईंकडे गेला. त्याला धाकधूक होती. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, हातात विणायची सुई होती, आणि समोरच्या स्टुलावर चक्क बिल्डर. काम संपल्यावर एकदाचा वर आला होता. पांढऱ्या भिंतीपुढे काळी ग्रिल स्वच्छ दिसत होती, आणि बाई सुईच्या टोकानं एकेक दाखवत होत्या. इथं शाळा. इथं नदी वळते, पावसाळ्यात ह्या काठाला पाणी चढतं. ही वाट, अर्ध्यावर बसायला एक दगड आहे. मिस्त्री दारातच उभा राहिला.

बिल्डरनं ग्रिलकडे बघितलं, पलीकडच्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे बाई, हे सगळं माझ्या भिंतीच्या मागं आहे."

"चूक," बाई म्हणाल्या. "हे मागं नाही. हे होतं तिथंच आहे. तुझी भिंत ह्याच्या पुढं आलीय. आता पहिल्यापासून सांग."

बिल्डरनं वळून मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीनं शर्टाचं वरचं बटण चाचपलं आणि काही केल्या मदत केली नाही. मग बिल्डर स्टुलावरून उठला, हात मागं बांधून उभा राहिला आणि नदीपासून सांगायला लागला.