झांज कुठे गेली

सोलापूरच्या उन्हाळ्यात रेकॉर्डी खोक्याबाहेर काढू नयेत. आमच्याकडच्या मे महिन्यात रेकॉर्डचा पापड व्हायला एक दुपार पुरते. पण लेकीने पुण्याहून नवा रेकॉर्ड प्लेअर पाठवला आणि माझ्याच्याने राहवेना. जुना बंद पडून इतकी वर्षं झाली होती की त्याच्या झाकणावर बायको इस्त्रीचे कपडे ठेवायची. मी दिवाणाखाली शिरलो, खोका ओढून काढला, खिडक्यांना ओले टॉवेल लावले आणि घरात लग्न निघाल्यासारखा मिरवू लागलो.

या रेकॉर्डी माझ्याकडे कशा आल्या ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि खरं म्हणजे मला ते सांगायला फार आवडतं. तरुणपणी मी टॉवेलच्या एका कारखान्यात परदेशी मालाचं काम बघायचो. दर हिवाळ्यात एका परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस नमुने तपासायला यायचा. गुडघ्यावर फाटलेली पँट, कानात सेफ्टी पिन. आमच्या मालकांना वाटलं, याच्या कंपनीचं दिवाळं निघालंय. ते त्याला दयेने दोन-दोन कप चहा पाजायचे. दिवसभर हा गडी टॉवेलचे धागे मोजायचा आणि संध्याकाळी मला पंक संगीत समजावून सांगायचा. तीन सूर, चार पोरं आणि साऱ्या जगावर राग. त्याच्या गावातली त्याची मित्रमंडळी पदरमोड करून थोड्याशा रेकॉर्डी काढत आणि त्यांची पाकिटं घरी बसून खळीने चिकटवत. एका पाकिटावर नुसत्या वॉशिंग मशीनची झेरॉक्स आहे. एका बँडची तर खळ वाळायच्या आत फाटाफूट झाली. असल्या रेकॉर्डी तो दर वर्षी मला देऊन जायचा. त्यांच्या देशातही ज्या कुणाला माहीत नाहीत, त्या सोलापुरात माझ्या दिवाणाखाली.

पहिल्यांदा ऐकवताना त्याने विचारलं होतं, हा गोंगाट तुला सहन होतो का. मी म्हटलं, मला तर झोप येतेय. खोटं नव्हतं ते. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचे माग होते, यंत्रावर चालणारे. त्या खटखटीत मी जन्मलो, जेवलो, शाळेचा अभ्यास केला. घरात शांतता झाली की आम्ही दचकायचो, वीज गेली म्हणून.

तर, बायकोला प्रेक्षक म्हणून खुर्चीत बसवलं, वाकून नमस्कार केला आणि वॉशिंग मशीनवाली रेकॉर्ड लावली. त्या गाण्याच्या सुरुवातीला ड्रमवाला पितळी झांजेवर चार टोले मारतो आणि मग सगळे एकदम तुटून पडतात. मी हात उंचावून थांबलो. सुई टेकली. काहीच नाही. आणि एकदम ढोल, गिटार, पोराची बोंब. माझा हात तसाच वर.

सुईत काही अडकलं असेल म्हणून ती पुसली. पुन्हा लावली. पुन्हा तेच. दुसरी रेकॉर्ड लावली. ढोल होता, खर्जातली गिटार होती, पण जिथे झांज फुटायला हवी तिथे भिंतीला पोपडा पडावा तशी मोकळी जागा. मी प्लेअरला नावं ठेवली, तो बनवणाऱ्यांना ठेवली, मग सहज विचारल्यासारखं बायकोला विचारलं, सुरुवातीला काही वाजलं का.

ती म्हणाली, "वाजलं की. ताटं पडल्यासारखं. चारदा."

मी मान डोलावली. म्हणालो, मलाही तसंच वाटलं.

माझे वडील मागावर बहिरे झाले. आमच्या गल्लीत ते काही विशेष नव्हतं. पण शेवटच्या वर्षांत ते सगळ्यांकडे बघून हसायचे. कुणी बारशाचं बोलावणं दिलं तरी हसायचे, कुणी मयताची बातमी सांगितली तरी हसायचे. लोक म्हणायचे, काय प्रसन्न म्हातारा आहे. मी जवळून बघत होतो. तो प्रसन्नपणा नव्हता, आतून लावलेली कडी होती. माणूस आत एकटा बसला होता आणि बाहेर हसू टांगलं होतं.

पुढचे काही दिवस मी स्वतःवर पाळत ठेवली. आरशात बघायचो, मी उगाच हसतोय का. चारचौघांत किस्सा सांगून झाला की माझाच जीव खालीवर व्हायचा, लोक हसले ते मला ऐकू आलं की नुसतं दिसलं? पण मग मी स्वतःची समजूत घालायचो. बहिरा माणूस सारखा "काय?" विचारतो. मी कधी विचारतो? बायकोचं, शेजाऱ्यांचं, आमच्या तेलुगू नातेवाइकांचं, भाजीवालीचं, सगळ्यांचं मला समजतं. फक्त रिक्षावाल्यांचं हल्ली नीट कळत नव्हतं. पण ते पाठमोरे बोलतात आणि दखनी उर्दूत बोलतात, त्यात माझ्या कानांचा काय दोष?

एका दुपारी मी एकटाच रेकॉर्ड ऐकत बसलो होतो. बायको स्कूटीवरून बाजार करून आली. आपल्याकडे उन्हाळ्यात बायका तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, फक्त डोळे उघडे, तशी ती दारात उभी. काहीतरी बोलली. मला काही समजलं नाही. मी हात केला, थांब, हे आधी बंद करतो, म्हणून प्लेअरकडे वळलो. तर रेकॉर्ड केव्हाच संपली होती. सुईचा दांडा आपल्या जागी जाऊन बसला होता. खोलीत कसलाही आवाज नव्हता.

ती बघतच राहिली. स्कार्फ खाली ओढून म्हणाली, "पिशवी धरा म्हणाले मी. दोनदा म्हणाले." हे मला स्वच्छ समजलं. मग तिने स्कार्फ पुन्हा नाकावर चढवला. तिच्या डोळ्यांवरून कळत होतं की ती बोलतेय. मला गुणगुण आल्यासारखी वाटली, शब्द एकही नाही. स्कार्फ खाली, सगळं समजलं. स्कार्फ वर, अंधार. शेवटी ती पिशवी जमिनीवर ठेवून माझ्यासमोर बसली.

"अहो, तुम्ही माझं ऐकत नाही. माझं तोंड बघता."

दुसऱ्या कुठल्या बाईने हे म्हटलं असतं तर मी त्यावर चावट काहीतरी बोललो असतो. पण तीही मागांच्याच घरातली. तिला काय म्हणायचंय ते मला तत्काळ कळलं.

मागावर कुणी ओरडून बोलत नाही, ओरडून उपयोगच नसतो. आवाज न काढता, ओठ मोठे करून बोलायचं आणि समोरच्याने ओठांवरून समजून घ्यायचं. आमच्या घरी त्याला मागावरचं बोलणं म्हणत. पोरं ते चालायला शिकावं तसं शिकायची, कुणी शिकवत नसे. मला वाटायचं, माग विकले तेव्हा ते बोलणंही गेलं. ते कुठेही गेलं नव्हतं. कान हळूहळू काम सोडत गेले आणि डोळे मुकाट्याने त्यांच्या जागी उभे राहिले. मला कुणी सांगितलंच नाही. इतकी वर्षं मी चांगल्या कानाची फुशारकी मारत होतो, आणि ती कमाई डोळ्यांची होती. दखनी ओठ तेवढे मला वाचता येत नव्हते.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. एका काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन घातले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बाहेर एक मुलगी यंत्र चालवत होती. तिचं बोट हललं की मी बटण दाबायचो. मी काही मुद्दाम लबाडी करत नव्हतो. म्हणजे, सुरुवातीला नव्हतो. तिच्या लक्षात आलं. आत आली, गोड हसली आणि माझी खुर्ची भिंतीकडे फिरवून गेली.

आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. समोर पांढरी भिंत. आवाज येतोय की येत नाहीये, संपलं की अजून सुरूच झालं नाही, काही कळेना. बटणावरचा अंगठा घामाने निसटत होता. कधी वाटायचं आला, दाबायचो, आणि लगेच वाटायचं, हा मीच तयार केला.

डॉक्टर सरळ बोलणारे होते. वरच्या पट्टीतले आवाज गेलेत, ते परत यायचे नाहीत, आणि उरलेलेही हळूहळू उतरत जातील. कानाला यंत्र लावलं तर बोलणं बरंच समजेल. झांजेचं मी विचारलं. ते म्हणाले, पूर्वीसारखी नाही.

यंत्र यायला वेळ होता. मी रोज दुपारी जुन्या रेकॉर्डी लावू लागलो, हळू आवाजात, आणि एक चमत्कार झाला. वॉशिंग मशीनवाल्या गाण्यात झांज ऐकू आली. चार टोले, लखलखीत. मी उडालोच. बायकोला हाक मारली. ती येऊन बघते तर प्लेअरची वायर भिंतीतून निघालेली. तबकडी फिरतही नव्हती.

म्हणजे मी ऐकत नव्हतो, आठवत होतो. त्या दिवसापासून कुठल्याच जुन्या रेकॉर्डवर माझा भरवसा राहिला नाही. कान किती उरलेत ते त्या सांगणार नव्हत्या. त्या माझ्या बाजूने खोटी साक्ष देत होत्या.

खोक्याच्या तळाशी एक रेकॉर्ड होती, प्लॅस्टिकही न फोडलेली. त्या फाटक्या पँटवाल्याने पोस्टाने पाठवलेली शेवटची. ती आली तेव्हा जुना प्लेअर बंद पडला होता, म्हणून मी ती कधीच ऐकली नव्हती. तिच्यात मला आठवण्यासारखं काहीच नव्हतं. दोन दिवस मी ती नुसती हातात घेऊन ठेवून देत होतो. शेवटी बायकोनेच नखाने प्लॅस्टिक फाडलं आणि ती लावली.

ढोल आला. खाली काहीतरी खरखरत होतं. एक बाई ओरडत होती की पुरुष, सांगता येईना. मध्येमध्ये मोकळ्या जागा. माझे डोळे आपोआप बायकोच्या चेहऱ्यावर गेले. ठरावीक अंतराने तिच्या कपाळावर आठी पडत होती, दातात खडा आल्यासारखी. तिथे झांज होती. आठी, ढोल, ढोल, आठी. मी तिच्या कपाळावरून ताल धरला आणि अख्खं गाणं मला कळलं. मजा यायला लागली. आणि त्या मजेचीच मला भीती वाटली.

मी उठलो, खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि तिला म्हटलं, पहिल्यापासून लाव.

ढोल छातीत लागला. बाकी जे आलं ते इतकंच होतं, आणि ते माझं होतं. पाठीमागे ती काही बोलली की गप्प बसली, मला कळलं नाही. मी मान वळवली नाही.