नथ्थूभाऊंचा लाग्रांजियन

सिंदेवाहीच्या पुढे, धानाच्या बांध्यांना लागून आमचं कॉलेज. तिथे नथ्थूभाऊ प्रयोगशाळा परिचर होते. म्हणजे लंबक टांगायचे, तारा जोडायच्या, प्राचार्यांच्या चिठ्ठ्या पोचवायच्या आणि पाहुणे आले की चहा. शिक्षण बारावी सायन्स. भौतिकशास्त्राचे सर निवृत्त झाले, जागा भरायचा प्रस्ताव वर गेला, तो खाली आलाच नाही. तिसऱ्या वर्षाला आम्ही पाच जण. पेपरात यामिकी, म्हणजे मेकॅनिक्स, होती, शिकवायला कोणी नव्हतं.

एक दिवस दिव्यानी म्हणाली, "भाऊ, एकोणीस वर्षं तुमी मागं उभं राहून सरचे लेक्चर आयकले. आमाले सांगा ना."

"मले सांगता नाई येत बापा. मले फक्त समजते."

पण सांगितलं. दोऱ्याला लोखंडी नट बांधून झुलवला. "न्यूटनच्या रीतीनं गेलो तं दोरीचा ताण काढा लागते. आता सांगा, दोरी काय करते?"

"बांधून ठेवते," प्रणित म्हणाला.

"बांधून ठेवते, पन काम करत नाई. नट जिकडं जाते, त्याच्या काटकोनात ओढते. मंग तिच्या नादी काऊन लागता? कोन पाहा आन ऊर्जा पाहा, बस."

आम्ही हसलो. आम्हाला वाटलं, ऑफिसबद्दल बोलताहेत. ते दोरीबद्दलच बोलत होते.

तीन आठवडे रोज तास झाला. चौथ्या आठवड्यात विद्यापीठाची समिती आली. भाऊंच्या हातात खडू होता. तो त्यांनी वर उडवला, झेलला. "एका सेकंदात हातातून निघाला, हातात आला. हातातच बसून राह्यला असता तरी चाललं असतं. मंग वर काऊन गेला? गतिज ऊर्जेतून स्थितिज वजा करा, त्याले लाग्रांजियन म्हनते, आन त्याची साऱ्या वेळेची बेरीज घ्या. त्याचं नाव क्रिया. वर राह्यलं का बेरीज उतरते. पन लई वर जायचं तं जोरात पळा लागते, का बेरीज चढते. दोन्हीच्या मधात जे जमते, ते खडूची वाट."

दारात उभ्या असलेल्या एका सदस्यांनी विचारलं, "म्हणजे क्रिया नेहमी कमीत कमीच असते?"

"नाई सर. बरेचदा असते, नेहमी नाई. खऱ्या वाटेले जरासं हालवलं तं बेरीज जवळपास बदलत नाई, येवढंच पक्कं."

सदस्य खूश झाले. त्यांनी हात मिळवला, "फार छान, सर," म्हणाले आणि पुढच्या वर्गाकडे गेले. भाऊंनी घाईघाईने जाऊन त्यांचा चहा मांडला. प्राचार्यांच्या खोलीत तेच हात कप पुढे करताना पाहून सदस्यांनी चष्मा पुसला.

अहवाल महिन्याने आला. 'भौतिकशास्त्राचे अध्यापन उत्तम. रिक्त पदाचा विद्यार्थ्यांवर विपरीत परिणाम दिसत नाही.' त्यावर जागेचा प्रस्ताव बंद झाला. सोबत दुसरं वाक्य होतं, परिचराने फळा वापरल्याबद्दल खुलासा घ्यावा. नोटीस टाइप झाली आणि पोचवायला नेहमीप्रमाणे नथ्थूभाऊंच्या हातात दिली. त्यांनी पाकिटावरचं नाव वाचलं, नोंदवहीत देणारा म्हणून सही केली, घेणारा म्हणूनही केली. खुलाशात एकच ओळ लिहिली: 'मी शिकवले नाही, मुलांनी विचारले.'

आम्ही पाचही पास झालो. मी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरीला लागलो. दिव्यानी नागपूरला एम.एस्सी. करून याच वर्षी त्या कॉलेजात घड्याळी तासिकेवर, म्हणजे तासागणिक मानधनावर, रुजू झाली. पहिल्या तासाला भाऊंनी तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली आणि मागे भिंतीशी जाऊन उभे राहिले.

"भाऊ, बसा ना," ती म्हणाली.

"नाई मॅडम, बराबर हाये."

तिने मला फोनवर हे सांगितलं. म्हणाली, "मॅडम म्हनलं रे मले."