करणी

नववीतली माझी लेक मुक्ता ओट्याशी वही घेऊन बसली होती आणि मी पोळ्या लाटत होते. "आई, आज करणींची बेरीज आहे," ती म्हणाली, तशा जप करणाऱ्या सासूबाई दचकल्या. "करणी? कुणी केली गं? कुणावर?"

"अगं आजी, वर्गमुळाची करणी!" मुक्ता हसली आणि मोठ्याने सोडवू लागली. "वर्गमुळात बारा, म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले तीन. जोडी जमली की त्यातला एक बाहेर येतो. तीन एकटा, तो आतच."

"आणि जोडीतला दुसरा?" मी विचारलं.

"तो कुठेच लिहायचा नाही. बेरीजसुद्धा बाहेरच्यांचीच होते."

"येतो गं जाऊन," म्हणत हे फिरायला निघाले. सतरा वर्षं रोज संध्याकाळी निघतात. दार त्यांनी नेहमीसारखं उघडंच टाकलं.

मी वहीत डोकावले. वर्गमुळाच्या चिन्हाला डावीकडे भिंत असते, वर छप्पर असतं. उजवी बाजू तर सताड उघडी. तरीही तो तीन तिथून हलत नाही.

कुणी केली, कुणावर, हे सासूबाईंनी विचारलं होतं ते काही अगदीच चुकीचं नव्हतं.

मी पोळी उलटली.