नर्सबाईंचं कुत्रं

तेव्हा मी टेंभुर्णीच्या शाळेत मास्तर म्हणून नवा होतो. शेजारच्या खोलीत दवाखान्यातल्या नर्सबाई राहायच्या, एकट्याच. सोबतीला एक तांबडं कुत्रं. लेकीचं दुसरं बाळंतपण वाटूरला तिच्या सासरी होणार होतं, म्हणून बाई निघाल्या आणि कुत्र्याची दोरी माझ्या हातात दिली.

"पंधरा दिवस बघा गुरुजी ह्याच्याकडं. लई गुणाचं हाय."

गुणाचं! डोंबलाचं गुणाचं! पहिल्याच दिवशी त्यानं दुधाचं पातेलं उपडं केलं. दुसऱ्या दिवशी दोरी कुरतडून आत आलं आणि तपासायला आणलेल्या वह्यांवर ताणून झोपलं. पण खरा नाद चपलेचा. जोडीतली एकच चप्पल तोंडात धरायची आणि पळायचं, थोडं लांब जाऊन मागं वळून बघायचं. आपण पाठीमागं लागावं, एवढंच त्याला पाहिजे असायचं. मी शिव्या घालत गावभर पळायचो आणि माझ्याच वर्गातली पोरं टाळ्या पिटायची.

मंग एके दिवशी शाळा तपासायला साहेब आले. कुत्र्यानं त्यांचीच चप्पल उचलली. साहेब एका पायावर, मुख्याध्यापक लालबुंद, आणि सगळ्या शाळेसमोर माझा पाणउतारा. माझं डोकंच फिरलं.

आमच्याकडं नको असलेलं मांजर पोत्यात घालून लांब सोडतात. रस्ता दिसला नाही की परत येत नाही म्हणे. मी त्या कुत्र्याला तसंच पोत्यात घातलं आणि भोकरदनच्या गाडीत बसलो.

"काय हाय पोत्यात?" कंडक्टरनं विचारलं.

"शेळीचं पिल्लू," मी म्हणालो.

आता भुंकेल, मंग भुंकेल, म्हणून माझा जीव टांगणीला. पण एरवी कान किटवणारं ते जनावर वाटभर माझ्या पायाला टेकून गप पडून होतं. माणूस ओळखीचा होता ना.

स्टँडच्या मागं पोतं सोडलं. ते बाहेर आलं, अंग झटकलं, शेपटी हलवली आणि माझी एक चप्पल घेऊन पळालं. थोडं लांब जाऊन मागं वळून बघत उभं राहिलं. मी मात्र परतीची गाडी धरली. एक पाय अनवाणी.

बाई आल्या तेव्हा मी सांगितलं, "दोरी तोडून पळालं बाई. माझी चप्पलबी घेऊन गेलं." चपलेचं तेवढं खरं होतं.

"आगं बया! लई तरास दिला न्हाई का तुमाला?" त्या उलट माझीच कीव करत बसल्या. मंग रोज संध्याकाळी दवाखाना सुटला की वेशीपर्यंत जाऊन हाका मारायच्या. बाजाराच्या दिवशी माझ्यासाठी नव्या चपला घेऊन आल्या. "माझ्याच कुत्र्यानं न्हेली ना गुरुजी, घाला खुशाल." मी नको नको म्हणालो आणि घातल्या. लाज कशी वाटली नाही मला!

वाटली म्हणूनच दोनदा भोकरदनला जाऊन आलो. "तांबडं कुत्रं?" स्टँडवरचा चहावाला हसला. "हितं काय कुत्र्यांला तोटा हाय व्हय?"

पुढं महिन्याभरानं शाळेत सिनेमाची सरकारी गाडी आली. भरदिवसा खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. आरोग्याच्या सिनेमाआधी एक कार्टूनचा, हसायचा सिनेमा होता. एक लठ्ठ माणूस दुसऱ्याचं कुत्रं सांभाळतो. ते घराची पार दैना करतं. शेवटी तो वैतागून त्याला पोत्यात कोंबतो, लांब नेऊन टाकतो, हाशहुश करत घरी येतो, तर कुत्रं दारात बसलेलं! पोरं गडाबडा लोळली. दवाखान्यातर्फे आलेल्या बाई माझ्याच बाकावर बसल्या होत्या, त्याही हसून हसून पदरानं डोळे पुसत होत्या.

"बघा गुरुजी," त्या म्हणाल्या, "पोत्यात घालून न्हेलं तरी आलं का न्हाई घरी? आपलं तर नुस्तं पळून गेल्तं. येईल."

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. अंधार होता, तोंड दिसलं नसतं. पण मी खाली चपलांकडं बघत राहिलो आणि म्हणालो, "येईल की."

त्या संध्याकाळपासून बाई दाराशी त्याच्यासाठी चतकोर भाकरी ठेवायला लागल्या. सकाळी शाळेला निघताना मी ती भाकरी ओलांडून जायचो, त्यांनीच दिलेल्या चपला घालून.

वर्षभरानं त्यांची बदली झाली. सामान गाडीत चढवून झाल्यावर त्या माझ्या दाराशी आल्या.

"आलं तर ठिवून घ्या गुरुजी. तुमच्यावर लई जीव व्हता त्याचा."

मी हो म्हणालो.