खाली ड्राइव्ह

मी घरच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कची वाटणी केली तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. मी आणि माझा आत्मविश्वास.

बायको मांडवीला गेली होती, भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला. मांडवीला साड्या घ्यायला गेलेली बाई तीन तास तरी घरी येत नाही, हे बडोद्यात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. म्हणजे मला वेळ भरपूर होता. उतावळ काहीच नव्हती.

आधी माझी पात्रता सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल कोणीतरी अडाणी माणूस भलत्या ठिकाणी बोटं घालायला गेला. मी चौतीस वर्षं कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट खात्यात काढली. तिथे भिंतभर मीटर असायचे आणि एखाद्याचा काटा वेडावाकडा हलला की मला बोलावणं यायचं. (कधीकधी तो माझ्यामुळेच हललेला असायचा, पण तो विषय वेगळा.) त्यामुळे घरात कॉम्प्युटर आला त्याच दिवशी मी जाहीर करून टाकलं, की याची देखभाल फक्त मी करणार. यंत्र म्हटलं की मला चोक्कस फावतं!

दुसरी पात्रता म्हणजे माझी मराठी. आमची बडोद्यातली ही पाचवी पिढी. रावपुऱ्यात जन्मलो, रावपुऱ्यातच वाढलो. बाहेर रिक्षावाल्याशी, भाजीवाल्याशी गुजराती बोलावं लागतं, बोला बापडे. पण उंबऱ्याच्या आत मराठी म्हणजे मराठी! आमची गौरी लहान असताना "बाबा, दूध ढोळलं" म्हणत धावत आली, की मी दुधाआधी वाक्याला हात घालायचो. "ढोळलं नाही, सांडलं! म्हण, सांडलं!" ती तीनदा म्हणेपर्यंत दूध सोफ्याखाली पोचलेलं असायचं. पण वाक्य शुद्ध!

पुढे त्याच गौरीने गुजराती मुलाशी लग्न केलं. मुलगा गुणी हो, हार्दिक त्याचं नाव, सुभानपुऱ्यात राहतो, आणि पोटापाण्याचा धंदाच कॉम्प्युटरचा. मी एकच अट घातली, की या घरात पाऊल टाकलं की मराठी बोलायचं. बिचारा "हां बाबा" म्हणाला आणि खरंच शिकला. "बाबा, तुमची चष्मा टेबलावर पडली आहे," असं काहीतरी बोलतो. मी दर वेळी सुधारतो, तो दर वेळी हसतो. मी त्याला हार्दिकराव म्हणतो. 'राव' लावला की नाव जरा जावयासारखं वाटतं.

आता वाटणीचं कारण. ही शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिने एक वेगळंच खूळ घेतलं. बडोद्याच्या मराठी घरांत गुजराती शब्द कोणकोणते घुसले, ते कसे बोलले जातात, हे उदाहरणांसकट टिपून ठेवायचं. सात वर्षं! भाजी निवडताना कानावर शब्द पडला, की हात पुसून वहीत, आणि वहीतून संध्याकाळी कॉम्प्युटरमध्ये.

"अगं, घरातला केर लोक बाहेर टाकतात, तू जपून ठेवतेस!" मी म्हणायचो.

"केर नाही हो. आपलं बोलणं आहे ते," ती म्हणायची, आणि माझ्याकडे बघून उगाचच हसायची. ते हसणं मला तेव्हा कळलं नाही.

तर या शब्दसंग्रहाचं रविवारी आमच्या मराठी मंडळात वाचन होतं आणि मंडळ तो छापणार होतं. सात वर्षांचं काम, आणि प्रत एकच. वह्या तिने केव्हाच रद्दीत दिलेल्या. (माझ्याच सांगण्यावरून. "कॉम्प्युटर असताना वह्या कशाला?") महिनाभर ती मागे लागली होती, "अहो, एखाद्या पेन ड्राइव्हमध्ये तरी घालून द्या." मी म्हणालो, "माझ्या कॉम्प्युटरला काय धाड भरली आहे?"

पण मनात माझ्याही होतं, की हिच्यासाठी काहीतरी करावं. डिस्कचे दोन कप्पे होते. पहिल्यात कॉम्प्युटरचा स्वतःचा संसार. दुसऱ्याला मी 'शब्द' असं नाव दिलेलं, पण त्यात हिचा शब्दसंग्रह, गौरीच्या लग्नाचे फोटो, विजेची बिलं, सगळे एकमेकांच्या मांडीवर बसलेले. म्हटलं, नवीन तिसरा कप्पा पाडू आणि हिच्या शब्दसंग्रहाला स्वतंत्र खोली देऊ. रविवारी ही सभेत सांगेल, "हे ह्यांनी करून दिलं." मी पहिल्या रांगेत बसून नम्रपणे मान हलवीन. मान कशी हलवायची ते मी आरशात करूनही बघितलं होतं.

जावयाला फोन लावला, स्पीकर चालू केला.

"हार्दिकराव, मी डिस्कचं पार्टिशन करतोय."

पलीकडून घाईघाईने आवाज आला, "बाबा, हुं सांजे आवीने करी दऊं?"

"मराठीत!"

"मी संध्याकाळी येऊन करून देते, बाबा."

"देतो! आणि यायची गरज नाही. तुम्ही फक्त सांगत जा."

तो सांगत गेला, मी दाबत गेलो. 'शब्द'मधली मोकळी जागा कापली. नवा कप्पा पडला! नाव विचारलं तर मी 'अ' दिलं. मराठी माणसाने सुरुवात 'अ'पासून करायची, ए-बी-सी-डीपासून नाही. कॉम्प्युटरने लगेच नावांच्या क्रमाने यादी लावली. वर त्याचा स्वतःचा कप्पा, मध्ये 'अ', आणि सगळ्यात खाली 'शब्द'. वर्णमाला कॉम्प्युटरलाही येते हे बघून मला भरून आलं.

"बौ सरस, बाबा!"

"'बौ सरस' नाही. 'फार छान' म्हणा."

"फार छान, बाबा. फॉरमॅट करताना काही चुकला तर नाही ना?"

तसं एका ठिकाणी मी भलतीच ओळ निवडली होती. मोठ्या मनाने कबूल केलं.

"काही वांधा नाही. खाली ड्राइव्ह परत एकदा फॉरमॅट करून टाका."

"खाली ड्राइव्ह?"

"हां, खाली."

मी बघितलं. खाली 'शब्द' होता. आता कोणी म्हणेल, तिथेच थांबायचं. पण जावई इंजिनियर, मराठी शिकलेला, आणि शिकवलेला कोणी? मी! चुकेल कसा? म्हटलं, कापलेला तोच कप्पा आहे, त्याच्या कडा सारख्या करायच्या असतील.

"अहो, हा विचारतोय, यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का?"

"पण खाली आहे ना, बाबा?"

"हो, खालीच आहे."

"बराबर बघितलं ना?"

"अहो, एकदम खाली! याच्या खाली काहीच नाही!"

"एकदम खाली आहे, तर घाबरता कशाला? दाबा!"

दाबलं. सात वर्षं पुसायला कॉम्प्युटरला सात सेकंदही लागले नाहीत.

"झालं, बाबा?"

"झालं की! फक्त एक शंका आहे, हार्दिकराव. हा 'शब्द' आता रिकामा का दिसतोय?"

"शब्द? तुम्ही शब्द फॉरमॅट केली?"

"तुम्हीच म्हणालात, खालचा करा!"

"खालचा नाही, बाबा! खाली! खाली एटले... गौरी! एऽ गौरी! खालीला मराठीत काय म्हणतात?"

मागून लेकीचा स्वच्छ, शुद्ध, मी घडवलेला आवाज आला. "रिकामा! का रे?"

मी खुर्चीत बसलेलोच होतो, तरी परत एकदा बसलो.

"बाबा, आता कशाला पण हात नका लावू. काही सेव नका करू. मी निघते," हार्दिक म्हणाला. त्याचं 'निघते' मी दुरुस्त केलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच.

गौरी-हार्दिक आणि बायको जिन्यातच भेटले. ही चार पिशव्या घेऊन, घामाघूम, पण साड्या मनासारख्या मिळाल्यामुळे खुशीत. लेक-जावई अचानक आलेले बघून आणखी खूश. "अगं बाई, तुम्ही कसे? थांबा, शेव-उसळ मागवते!" मला वाटलं, आधी शेव-उसळ होऊ द्यावी आणि मग सांगावं. पण हार्दिकचं तोंडच इतकं पडलं होतं, की हिने पिशव्या खाली ठेवल्या. (म्हणजे जमिनीवर. आता प्रत्येक वेळी सांगावं लागतं.)

मी सांगितलं.

"सगळं?" तिने विचारलं.

"सगळं."

"खाली म्हणजे रिकामा, हे तुम्हाला माहीत नाही? जन्मभर नाक्यावर उभे राहून 'रिक्षा खाली छे?' विचारत आलात ना?"

"ते बाहेर! घरात खाली म्हणजे खाली," मी म्हणालो.

एरवी यावर ती खो खो हसली असती. त्या दिवशी हसली नाही, ओरडलीही नाही. "रविवारी काय वाचू मी आता?" एवढंच हळूच म्हणाली आणि आत गेली. आतून भांड्याचाही आवाज येईना. भांडी आपटली असती तर बरं वाटलं असतं हो! चौतीस वर्षांत मी एवढे काटे हलवले, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती.

हार्दिक मात्र कामाला लागला. म्हणाला, "बाबा, घराची पाटी काढली आहे, पण माणसं आतच आहेत. शोधूया." त्याने आपली डिस्क जोडली, कसलंसं सॉफ्टवेअर लावलं आणि दोन तासांनी फाइली परत यायला लागल्या. फक्त नावं गेलेली! एक, दोन, तीन, चार असे नुसते आकडे. एकेक उघडून बघायची. विजेचं बिल. विजेचं बिल. गौरीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी खुर्चीत घोरतोय, तो फोटो. विजेचं बिल. मराठीत घुसलेल्या परभाषेविरुद्ध मी संपादकांना लिहिलेलं, कोणी न छापलेलं पत्र. (हार्दिकने ते आदराने बंद केलं.) परत विजेचं बिल.

आणि एकदम शब्दसंग्रहाची फाइल उघडली! हार्दिक ओरडला, "आई! मळी गयुं!"

"मळी गयुं! अगं, मळी गयुं!" म्हणत मी स्वयंपाकघरात धावलो आणि हिला हाताला धरून बाहेर आणलं. ही खुर्चीच्या पाठीला धरून स्क्रीनकडे बघत राहिली. डोळे भरलेले. म्हणाली, "गौरी, वाच गं जरा. आहे ना सगळं?"

गौरी वाचायला लागली. "फावणे : जमणे. उदाहरण : 'यंत्र म्हटलं की मला फावतं.' ह."

"उतावळ : घाई. उदाहरण : 'नाटक सातला आहे, एवढी उतावळ कशाला?' ह."

"चोक्कस : नक्की. उदाहरण : 'मी चोक्कस सांगतो, चूक तुझीच आहे.' ह."

प्रत्येक उदाहरणापुढे ते 'ह.'! पानामागून पानं, ह, ह, ह! मला राहवेना. "बघा! म्हणजे जावयाचीच उदाहरणं भरली आहेत! हार्दिकराव, अहो, किती सुधारू तुम्हाला?"

"पण बाबा, मी 'चूक तुझीच आहे' असं आईंना कशाला म्हणणार?" हार्दिक अगदी बरोबर मराठीत म्हणाला.

गौरीने तोंडावर हात धरला. हिने पदराने डोळे पुसले आणि दुपारपासून पहिल्यांदा हसली. "अहो, ह म्हणजे हार्दिक नाही. ह म्हणजे हे."

हे म्हणजे मी! पाचव्या पिढीचा, उंबऱ्याच्या आत शुद्ध मराठीवाला मी! सात वर्षं ही माझ्याकडे बघून का हसायची, ते तेव्हा उलगडलं. मी शब्द टाकत होतो आणि ती वेचत होती.

"फक्त 'खाली' राहिला होता," ती म्हणाली. "घरात त्या अर्थाने कोणी बोललंच नव्हतं." आणि तिथल्या तिथे बसून तिने तो घातला.

'खाली : रिकामा. उदाहरण : ह्यांनी खाली ड्राइव्ह समजून खालचा ड्राइव्ह खाली केला.'

रविवारी ते वाक्य वाचलं गेलं आणि मंडळाचा हॉल पाच मिनिटं हसत होता. हिने स्टेजवरून सांगितलं, "या संग्रहाचा मुख्य आधार पहिल्या रांगेत बसला आहे." टाळ्या! मी उठून नम्रपणे मान हलवली, अगदी आरशात केली होती तशीच. सात वर्षं चिकाटीने असलं काम करणारी बायको आमच्या मंडळात दुसऱ्या कोणाची आहे, दाखवा! आणि ग्रंथात पानोपानी असलेला नवरा तरी दुसरा कोण आहे? शब्दसंग्रहाच्या प्रती आता चार पेन ड्राइव्हमध्ये आहेत, त्यातला एक देवघरात, आणि माझा हात चारांपैकी एकालाही पोचत नाही.

हार्दिकच्या गाडीतून घरी येताना हिने विचारलं, "अहो, लोक एवढे हसले. तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"वाईट?" मी छाती पुढे काढून म्हणालो. "अगं, मला तर तुझा बौ अभिमान वाटतो!"

हिने पर्समधून पेन काढलं.