हयात असल्याबाबत

दैनिक ‘निर्वाळा’चे मुद्रितशोधक सुमंत खिस्ती यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत माणूस एकच मारला, तोही एका अक्षराने.

घोडेगावच्या प्रदर्शनात मच्छिंद्र दहातोंडे यांच्या बैलजोडीला कै. रामहरी पाटील चषक मिळाला. बातमी पहिल्या पानावर, फोटोसकट. फक्त ‘कै.’ आणि ‘श्री.’ यांची अदलाबदल झाली. चषक श्री. रामहरींचा, आणि तो हसतमुखाने स्वीकारताना कै. मच्छिंद्र.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र नगरला कचेरीत हजर. “सायेब, बाजारात लोक इचारत्यात, ‘कैलासवासी, खाली कवा आलात?’ त्ये जाऊ द्या. पन आमची बायकू छबू म्हनती, ह्ये कात्रन भिंतीला लावलं तर हार घालावा लागंल. जल्मात एकदा पेपरात आलो, त्ये बी असं. नीट छापून द्या, मंजी लावतो.”

सुमंतांनी शब्द दिला. धंदाच शब्दांचा, त्यामुळे सोपं वाटलं.

संस्थापक अण्णांनी चूकदुरुस्तीचा कागद चष्म्यावरून पाहिला. “‘निर्वाळा’ चुकत नाही. वाचक घाईत वाचतात.”

पुढे अण्णा स्वतः निर्विवाद ‘कै.’ झाले आणि पेपर आबासाहेबांकडे गेला. त्यांच्याकडे कारखाना होता, कॉलेज होतं, तोंडावर निवडणूक होती. पेपर तेवढा नव्हता. त्यांनी ‘स्थापना १९७१’ ही ओळ ठळक केली आणि सुमंतांचा कागद परत केला. “चूक जुन्या मालकाची. आम्ही का कबूल करायची, खिस्ती?” वय विकत घेतलं होतं, चुका नाही.

आबासाहेब पडले. मग त्यांना पेपरात राम दिसेना. तो घेतला सावेडीच्या धवलने. हा प्लॉट पाडून विकणारा. कचेरी त्याच्या साइट ऑफिसवर आली आणि चपला बाहेर काढायचा नियम झाला. धवल सुमंतांना काका म्हणायचा, म्हणजे ऐकायचं नाही हे ठरलेलंच.

“काका, चौदा वर्षांपूर्वीचं कोण वाचणार? पॉझिटिव्ह द्या काहीतरी.”

“माणूस जिवंत आहे, यापेक्षा पॉझिटिव्ह काय देऊ?”

“मग त्याचं रील करू.”

त्याच महिन्यात फर्मान निघालं: एक तारखेपासून छपाई बंद, पेपर फक्त मोबाईलवर. सुमंतही त्याच तारखेपासून बंद. मच्छिंद्रला कळवलं, तर तो म्हणाला, “मोबाईल भिंतीला कसा टांगू, सायेब?”

शेवटच्या छापील अंकाची ओळ न् ओळ धवल स्वतः पाहणार होता. एक जागा सोडून. शेवटच्या पानाच्या तळाशी ‘हे पत्र मालक अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले’ असा कणीएवढ्या अक्षरांतला मजकूर असतो. तो छापणं कायद्याने बंधनकारक आहे, वाचणं नाही. मालक बदलला की तिथलं नाव बदलायचं, जिल्ह्याचं बदललं तेव्हा तेही, हे काम सुमंतांचंच. त्यांनी तिथे एक वाक्य घुसवलं: ‘कै. रामहरी पाटील चषकाचे मानकरी श्री. मच्छिंद्र दहातोंडे, घोडेगाव, हयात आहेत.’ तीनदा तपासलं. ‘कै.’, ‘श्री.’ जागच्या जागी. सकाळी अंक स्वतः जाऊन घोडेगावच्या एसटीत दिला.

दुपारी फोन आला. “गावलं, सायेब! नातीनं भिंग लावून वाचलं. मेलो तवा पयलं पान, फोटूसकट. जित्ता झालो तवा मुंगीएवढा. तरी छबू म्हनली, चालंल.”

“मग लावा की भिंतीला.”

“लावतो. पन त्याच्या म्होरं काय लिव्हलंय?”

सुमंतांनी पान उलटलं. त्यांच्या वाक्याला चिकटून, एकतीस वर्षं न वाचता पास केलेलं कायमचं वाक्य उभं होतं: ‘या मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही.’

“मंजी, सायेब,” मच्छिंद्रने विचारलं, “अजून वाद हायेच व्हय?”

सुमंतांनी सवयीने लाल पेन उघडलं. चूकदुरुस्तीची चूकदुरुस्ती छापायला पुढचा अंक नव्हता.